गट शून्य

आमच्या संघटनेत वय विचारायची पद्धतच नव्हती. मूल मैदानावर आलं की ते आपलं, एवढाच नियम. कागदावर बाल आणि कुमार असे दोन गट होते, पण कोण कुठल्या गटातलं हे खेळ बघून ठरायचं. लगोरीला सगळे एकत्र, खो-खोला जरा दमाची पोरं वेगळी आणि शेवटी गाण्याला पुन्हा सगळे गोल करून. डोंबिवली, कोपर, कल्याण, कळवा, ठाणे अशी आमची केंद्रं, आणि दर शनिवारी-रविवारी मैदान भरतं. मी त्यात लहानाची मोठी झाले आणि मग दुसऱ्यांची लहान मुलं मोठी करायला लागले. नोकरी ठाण्यात, घर डोंबिवलीत आणि जीव मैदानावर. शनिवारी कुठे जायचं हे ठरवणं नवऱ्याने लग्नानंतर लगेचच सोडून दिलं. शहाणा माणूस आहे.

मग पोरं गळायला लागली. सातवी-आठवीपर्यंत मातीत लोळणारी मुलं नववीत गेली की गायब. कारण एकच, क्लास. आमच्या भागात क्लास म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. उरलेल्यांचे पालक विचारायचे, इथे येऊन मुलाला नक्की मिळतं काय? सर्टिफिकेट देता का? एका आईने मला विचारलं, लंगडीचा पुढे काही उपयोग होतो का. मी म्हटलं, पाय मोडला तर होतो. ती बाई आणि तिचा मुलगा परत आले नाहीत, आणि यापुढे नव्या पालकांशी मी बोलायचं नाही असं बैठकीत एकमताने ठरलं.

त्याच बैठकीत संघटना आधुनिक करायचंही ठरलं. वयोगट नव्याने पाडायचे आणि प्रत्येक गटाला त्याच्या वयाला साजेसा कार्यक्रम द्यायचा. समिती नेमली गेली. तिच्यात मी, केंद्रं चालवणारे आणखी चारपाच जण आणि अध्यक्ष म्हणून आमचे सर.

सर डोंबिवलीच्या एका शाळेतून निवृत्त झालेले विज्ञानाचे शिक्षक. पंचाहत्तरी उलटलेली, भाषा पुण्याची, शर्टाला कडक इस्त्री. एवढं वर्णन ऐकून कुणालाही वाटेल की हा माणूस जुन्याला घट्ट धरून बसणार. आमच्याकडे उलटी गंगा. सरांना ड्रोन हवा होता. रोबो हवा होता. पहाटे पाचला ते ग्रुपवर परदेशातल्या मुलांचे व्हिडिओ टाकायचे आणि खाली लिहायचे, "आपण केव्हा?" मुलांना काय हवंय हे आम्ही केंद्राकेंद्रावर जाऊन विचारलं, तर मुलं म्हणाली, लगोरी जास्त वेळ, चूल पेटवून स्वयंपाक, सायकल दुरुस्ती. कोपरच्या एका मुलीने मागितला एक असा तास, ज्यात कुणी काही शिकवणार नाही. सरांनी ऐकून घेतलं आणि चष्मा पुसत म्हणाले, "ही पिढी फारच जुन्या वळणाची निघाली."

पावसाळाभर आम्ही सरांच्या बैठकीच्या खोलीत भांडलो. ठाण्याची मंडळी उशिरा यायची आणि शीळफाट्याच्या ट्रॅफिकवर ढकलायची, रेल्वेने आलेलीसुद्धा. गटांच्या नावांवरून तर दोन रविवार वाया गेले. कुणी म्हणालं अंकुर, कळी, फूल. मी म्हटलं, आपण मुलं सांभाळतोय की नर्सरी? सरांना ग्रहांची नावं हवी होती, पण मग शनी कुणाला द्यायचा यावर गाडी अडली. मी टिवल्या आणि बावल्या सुचवलं, ते इतिवृत्तात घेतलं नाही. शेवटी कंटाळून गट एक, दोन, तीन, चार असं ठरलं.

तक्ता मात्र झकास झाला. आजही मी तो वाईट म्हणणार नाही. सहा ते नऊ, नऊ ते बारा, बारा ते पंधरा आणि पंधरा ते एकवीस. प्रत्येक गटाची वेळ वेगळी, म्हणजे मोठ्यांचा चेंडू लहानांच्या टाळक्यात बसणार नाही. लहानांना मातीकाम आणि गोष्टी, त्यापुढच्यांना नकाशा वाचून आपलं शहर पायी फिरणं, गट तीनला सायकल दुरुस्ती, प्रथमोपचार आणि केंद्राकेंद्रांतले खो-खोचे सामने. थोरल्यांना धाकट्यांचे तास घ्यायचं शिक्षण. सरांच्या समाधानासाठी एक ड्रोन, तोही भाड्याने.

या तक्त्यात एक जमात बसत नव्हती. लिंबूटिंबू. खेळात घ्यायचं पण धरायचं नाही, असं हे छोटं माणूस. त्याला राज्य येत नाही, तो आऊट होत नाही, त्याने लगोरी पाडली तरी हसून पुन्हा रचायची. आमच्या मैदानावर लिंबूटिंबूंची कधीच वाण नव्हती, कारण ताया त्यांना घेऊन यायच्या. दादाही आणायचे एखाद दुसरा, पण बहुतेक तायाच.

कळव्याच्या केंद्रावर अशी एक ताई होती, तेराच्या आसपासची, आणि तिचा भाऊ, चार वर्षांचा. बुद्धविहाराला लागून जे मैदान आहे, त्याच्या मागच्याच चाळीत त्यांचं घर. आई ठाण्याला एका दवाखान्यात मदतनीस, आणि रविवारी तर तिची हमखास ड्युटी, कारण रविवारी बाकीच्या बायका सुट्टी मागतात. वडील कंपनीची गाडी चालवायचे, त्यांचा काही नेम नसे. म्हणजे मुलीला मैदानावर यायचं तर भाऊ बरोबर हवाच. भाऊ म्हणजे अस्सल नग. अर्ध्या केंद्राला चावून झालेला, आणि प्रत्येक खेळ आपणच जिंकलो अशी त्याची ठाम समजूत. मुलगी मात्र नियमांची पक्की. खो-खोचा कुठलाही वाद तिच्याकडे न्यावा आणि निकाल घ्यावा. कळव्याला पंच म्हटलं की तीच, आणि तिच्या पंचगिरीचं मी इतर केंद्रांवर कौतुकही सांगायचे.

तर लिंबूटिंबूंचं काय, असं समितीत कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, प्रत्येक मुलाला त्याच्या बरोबरीचे सवंगडी मिळाले की लिंबूटिंबू लागतोच कशाला? सहाच्या आतली मुलं घरी बरी, त्यांच्यासाठी बालवाड्या आहेत. आता आपल्याकडे कुणी लिंबूटिंबू राहणार नाही. वाक्य इतकं भारदस्त होतं की आम्ही टाळ्या वाजवल्या. मीही वाजवल्या.

दिवाळीनंतर नवा कार्यक्रम सुरू झाला आणि खरंच बहर आला. कल्याणला गट दोनची पोरं हातात नकाशे घेऊन गल्लीबोळांतून फिरली आणि रस्ता चुकून एका लग्नाच्या मांडवात शिरली, तिथे त्यांना जिलबी मिळाली. तेव्हापासून नकाशाच्या तासाला गैरहजेरी नाही. डोंबिवलीत ज्यांच्या मोकळ्या जागेवर आमचं मैदान भरतं, ते काका इथले मूळचे. एके काळी त्यांची तिथे भातशेती होती. सायकल दुरुस्तीचं सामान कुठे ठेवायचं म्हणून आम्ही बिचकत विचारायला गेलो, तर म्हणाले, "ठेवा माझे पडवीत. नि खेलू द्या पोरांना, जागा काय पलून जात नाय." ड्रोन पहिल्याच दिवशी नारळाच्या झाडात अडकला. तो काढायला काकांनी माणूस चढवला, आणि पोरांना ड्रोनपेक्षा त्या माणसाचं चढणं जास्त आवडलं. सरांचे पहाटेचे व्हिडिओ दोन दिवस बंद होते.

फक्त कळव्याहून निरोप यायला लागले की गट तीनच्या मुली येत नाहीयेत. मुलगे येतात, मुली नाहीत. तिथलं केंद्र चालवणारा दादा कॉलेजात शिकणारा, आमच्यातला सगळ्यात तरुण आणि नियमाला देव मानणारा. त्याने पुढे लिहिलं, क्लास असतील. आम्ही सगळ्यांनी ग्रुपवर अंगठे टाकले. क्लास म्हटल्यावर आणखी काय करणार?

पण मला चैन पडेना. क्लास मुलींनाच असतात आणि मुलग्यांना नसतात, असं कुठल्या गावात असतं? एका रविवारी मी कळवा गाठलं. मैदानावर गट तीनचे मुलगे सायकल उलटी करून तिच्याभोवती बसले होते, आणि विहाराच्या बाजूच्या कठड्यावर, मैदानाबाहेर, आमची पंच भावाला मांडीवर दाबून बसली होती. भाऊ सुटायला धडपडत होता. मी विचारलं, अगं, आत का नाही?

"दादा बोलला, हा सहाचा नाहीये," ती म्हणाली. "मग मी पण नाही गेले."

बाकीच्या मुली? त्यांचंही तेच. एकीची धाकटी बहीण, एकीचा मामेभाऊ, एकीच्या घरी तर जुळी. पूर्वी सगळ्यांची वेळ एक होती, मोठ्यांबरोबर छोटी कुठेतरी खपून जायची. आता गट तीनच्या वेळेला मैदानावर फक्त गट तीन, आणि सहाच्या आतल्यांना तर कुठल्याच वेळेला जागा नाही. मुली कंटाळून घरी बसल्या होत्या. ही एकटी येऊन कठड्यावर बसायची, कारण इथून खेळ दिसतो.

माझा पारा चढला. मी दादाला बाजूला घेऊन झापायला सुरुवात केली, तर तो शांतपणे म्हणाला, "ताई, चार्ट तुम्हीच पाठवलाय. तुमचीच सही आहे खाली." सही माझीच होती, पण राग काही गेला नाही. तो कुणावर काढायचा हे कळेना म्हणून मी तिथल्या तिथे हुकूम सोडला की आजपासून कळव्याला जुनी पद्धत. सगळ्यांची वेळ एक, ज्याला ज्याला आणायचंय त्याला आणा. मुलीला हे सांगायला मी मोठ्या उदार मनाने कठड्यापाशी गेले. ती खूश होईल असं मला वाटलं होतं. ती पायाच्या अंगठ्याने माती उकरत राहिली.

"ताई, एक बोलू?" ती म्हणाली. "तो आला तरी मी खेळत नाही. मी पंचच असते. त्याचा हात धरून पळता येत नाही ना."

मी म्हटलं, तुला पंच व्हायला आवडतं ना पण?

"मला त्याला सोडून खेळायचंय," ती म्हणाली. "पण तो इथेच पाहिजे. घरी कोणाकडे ठेवू?"

भावाने त्याच क्षणी माझी ओढणी दातात धरली, ती मी सोडवत बसले. भाऊ कडेवर होता तेव्हापासून ती मैदानावर येत होती आणि एकदाही पळाली नव्हती. आम्ही सगळ्यांनी तिला पाहिलं होतं, तिच्या निकालांना माना डोलावल्या होत्या, आणि हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. मला मनापासून वाईट वाटलं, आणि त्याहून जास्त घाई झाली.

पुढच्या बैठकीत, कळव्याच्या दादालाही बोलावून, मी हे सगळं सांगितलं. सर आधी ऐकायला तयार नव्हते. त्यांचं म्हणणं, एका केंद्रासाठी तक्ता मोडला की सगळीकडे मोडेल, पुन्हा सगळी खिचडी होईल, आणि आपण मागे जायचं नाही. मी म्हटलं, मागे जायला ती मुलगीही तयार नाही. मागे तिला पंचच व्हावं लागत होतं. मग मला काय सुचलं कोण जाणे, मी विचारलं, या खोलीतले कोण कोण मैदानावर पहिल्यांदा लिंबूटिंबू म्हणून आले होते?

हात वर व्हायला लागले. कल्याणचा, ठाण्याचा, कोपरचा. माझा स्वतःचा तर होताच, मला माझी ताई घेऊन यायची. कळव्याच्या दादाचा हात अर्धा वर गेला आणि तिथेच थांबला. मी विचारलं, आणि ज्यांनी आपल्याला आणलं, त्यांच्यातल्या कोण आहेत इथे? एकही नव्हती. माझी ताई दहिसरला असते, तिने आयुष्यात एकदाही संघटनेचं नाव काढलं नाही, आणि तिला खेळाची आवड नाही असं आमच्या घरात सगळे धरून चालतात.

सर खिडकीकडे वळले. मग म्हणाले, "मला माझी अक्का न्यायची. ती झाडाखाली बसायची. आम्हाला वाटायचं, तिला ऊन सोसत नाही."

वहिनींनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, आतून चहा आणला, आणि तो संपेपर्यंत सर तक्त्यावर पेन्सिलीने काहीतरी लिहीत होते. गट एकच्या वर त्यांनी एक ओळ वाढवली होती. गट शून्य, वय सहाच्या आत. वेळेच्या रकान्यात लिहिलं होतं, सर्व गटांच्या वेळी. आणि हा गट कुणी सांभाळायचा, तर मोठ्या माणसांनी, आळीपाळीने. मुलींनी नाही. "ताई असो की दादा, कुणीही आपल्या धाकट्याजवळ थांबलेलं चालणार नाही," सरांनी वाचून दाखवलं. "हा नियम कडक पाळावा." कळव्यासाठी पहिलं नाव त्यांनी स्वतःचं घातलं. त्यासाठी त्यांना डोंबिवलीहून कळव्याला जावं लागणार होतं. मी तसं म्हटल्यावर ते म्हणाले, मला ट्रॅफिकची सबब सांगायची सवय नाही.

रविवारी सर इस्त्रीच्या शर्टात कळव्याच्या मैदानावर हजर. विज्ञानाचे सोपे प्रयोग दाखवायचे म्हणून पिशवीभर सामान. फुगे, लोहचुंबक, भिंग. घोळक्यात सात-आठ छोटी, पैकी दोन जुळी. पाच मिनिटांत लोहचुंबक कुणाच्या तरी तोंडात होतं, ते काढताना सर गुडघ्यावर बसले, आणि गुडघ्यावर बसलेला माणूस म्हणजे घोडा, हे सहाच्या आतल्या जगात सर्वमान्य आहे. सगळ्यात आधी पाठीवर चढला तो आमचा नग. मी सोडवायला निघाले तर सरांनी हाताने थांबवलं. त्यांना ते आवडत होतं की उठता येत नव्हतं, हे मात्र कळलं नाही.

मैदानाच्या पलीकडच्या टोकाला गट तीनचा खो-खो लागला होता. मुली आल्या होत्या. दादाने स्वतः घरोघर जाऊन बोलावल्या होत्या, नियमच तसा झाला होता ना. आमची पंच पहिल्यांदाच पळणाऱ्यांत उभी होती. शिट्टी कुणाच्या गळ्यात घालायची यावर जरा गोंधळ झाला, शेवटी ती माझ्या गळ्यात आली.

मला वाटलं होतं, इतके नियम जाणणारी मुलगी मैदान गाजवणार. कसलं काय. तिला पळताच येत नव्हतं. खांब कुठे गाठायचा, हूल कशी द्यायची हे तिला तोंडपाठ होतं, पण पाय ऐकत नव्हते. आणि मधेच तिने मान वळवून भावाकडे बघितलं. तेवढ्यात पाठीवर थाप बसली. आऊट. सगळ्यांत पहिली. तिने सवयीने हात वर करून स्वतःच निकाल दिला आणि मग एकदम लक्षात येऊन लाजली. भावाला याचा पत्ता नव्हता. तो घोड्यावर होता.

दुसऱ्या डावात तिने मान वळवली नाही. ओरडत पळाली. काय ओरडत होती ते तिलाही सांगता आलं नसतं. दोन्ही हात मोकळे, केस सुटलेले, एक चप्पल कधीच मागे राहिलेली. या वेळी तिला धरायला पोरांना घाम फुटला. धरली गेली तेव्हा ती तिथेच मातीत बसली आणि छाती धरून हसायला लागली. मी शिट्टी वाजवायची विसरले. माझे डोळे भरून आले होते, आणि एका पंचाला ते शोभत नाही म्हणून मी पाठ फिरवली.

मैदान सुटायच्या वेळेला तिची आई आली. ड्युटीवरून थेट, डबा खांद्याच्या पिशवीत. कठड्यावर मुलं दिसली नाहीत म्हणून ती घाबरून इकडेतिकडे बघत होती. मुलगा तिला आधी सापडला, सरांच्या कडेवर, झोपलेला. सरांच्या शर्टाची इस्त्री पार गेली होती. मग मुलगी धावत आली. गुडघा खरचटलेला, तोंड लाल.

"आई, मी आऊट झाले," ती म्हणाली. "दोनदा."

आईने आधी गुडघा पाहिला, मग तिच्या तोंडाकडे पाहिलं. म्हणाली, अगं मग हसतेस काय? कोणी ढकललं का तुला?

"नाही गं," ती म्हणाली. "पळत होते ना मी."